दालच्याचं कुलूप

५ जानेवारी, रविवार. देगलूर

आज बडी अम्मी, म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावजय, लातूरहून आल्या आणि दोन तासांत घरातल्या प्रत्येकाला कामाला लावून गेल्या. माझ्या वाट्याला आलेलं काम सगळ्यांत विचित्र आहे, म्हणून ही वही काढली. मराठीत लिहिते आहे. घरात सगळे दखनी बोलतात, ते बोलणंही मराठीतच उतरवते; बडी अम्मींना मराठी वाचता येत नाही, आणि अब्बा पेपरातली मोठी अक्षरं सोडली तर वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणजे वही उघडी पडली तरी फिकीर नाही.

काम असं आहे. लग्नाकार्यात दालचा-खाना शिजवायचा हे आमच्या घराण्याचं चार पिढ्यांचं काम. खाना म्हणजे बगारा भात, तो कोणीही करतो. दालचा, म्हणजे हरभऱ्याची डाळ, मटण आणि दुधी, तो मात्र आमच्यासारखा कोणाचा होत नाही, कारण त्याच्या मसाल्याचं वजन, म्हणजे काय किती आणि कधी टाकायचं, ते फक्त आमच्याकडे आहे. हे वजन मुलांना मिळतं, सुनांना मिळतं, मुलींना मिळत नाही. मुलगी सासरी जाते आणि वजन सोबत नेते, असं बडी अम्मींचं म्हणणं. त्या स्वतः या घरात सून म्हणून आल्या. बडे अब्बा गेल्यापासून वजनाच्या मालकीण त्याच.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं, सादनं, अर्धं वजन मोबाईलवर बोलून, रेकॉर्ड करून माझ्या भावाला पाठवलं आणि ते चुकून लातूरच्या केटरर लोकांच्या ग्रुपवर गेलं. डिलीट करेपर्यंत अकरा जणांनी ऐकलं होतं, त्यातल्या दोघांनी अंगठाही दाखवला. म्हणून आता हुकूम निघाला आहे. दालच्याच्या कृतीचं एक पान इंटरनेटवर करायचं. डाळ भिजवणं, कांदा तळणं हे सगळ्यांना दिसेल, त्यानं नाव होईल. वजनाचा भाग तेवढा कुलपात. पासवर्ड फक्त अब्बा, साद आणि माझा भाऊ शहेबाज यांच्याकडे.

पान करायचं मी, कारण बीसीए झालेली घरात मीच. कुलूपही मीच बनवायचं, आत काय ठेवलंय ते मात्र बघायचं नाही. बडी अम्मींनी माझा हात डेगेवर, शिजवायच्या मोठ्या हंड्यावर, ठेवून शपथ घ्यायला लावली. वजन कोणाला विचारणार नाही, आपणहून उघडून बघणार नाही. मी घेतली. रागानं घेतली, पण घेतली.

जाताना त्या अब्बांना म्हणाल्या, "वाजिद, तेरा फेब्रुवारीला मुखेडच्या हणमंतरावांची नवसाची कंदुरी हाय. तिथं शहेबाज डेगेपाशी उभा ऱ्हायला तर ठीक. न्हाई तर देगलूरच्या चारी डेगा सादकडं येतील. तुझ्यामागं कोण हाय मग?"

शहेबाज पुण्यात मोबाईलच्या कंपनीत आहे. त्याला जिरं आणि शहाजिरं एकच वाटतं. मी आठवीपासून अब्बांसोबत डाळ धुते, दुधी कापते, चूल सांभाळते, आणि मसाला पडायची वेळ आली की मला पाणी आणायला पाठवतात. त्या डेगा मला पाहिजेत. कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथे लिहून टाकलं. बरं वाटलं.

११ जानेवारी, शनिवार

पान तयार झालं. एकूण चौदा पायऱ्या. आठपर्यंत सगळं उघडं, नऊ ते बारा कुलपात, तेरा-चौदा पुन्हा उघडं. कुलपातला मजकूर अब्बांनी स्वतः भरला. एका बोटानं, तीन तास. तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून बसले. मधूनच ते विचारायचे, "वेलदोड्याचा व कुठंय?" मी भिंतीला सांगायची.

मग तपासणी. अब्बा सरकवत सरकवत नवव्या पायरीपर्यंत गेले, पासवर्ड टाकला, बटण दाबलं, आणि पान सर्रकन वर. एकदम पहिल्या ओळीवर, जिथे चार डेगांचा फोटो आहे.

"हुमा, मी खाली होतो. ह्यानं मला वर आणून सोडलं."

कारण साधं आहे. पासवर्ड तपासायला गेलेलं पान नव्यानं उघडून येतं, आणि नव्यानं आलेलं पान माथ्यापासून सुरू होतं. टेबलाशी बसलेल्याला काही वाटणार नाही. पण आमचा माणूस डेगेपाशी उभा असतो, एका हातात उलथणं, दुसऱ्या हाताचा अंगठा तेलकट. तो पुन्हा आठ पायऱ्या उतरून येईपर्यंत कांदा काळा होतो. अब्बा म्हणाले, "जिथं होतो तिथंच ठेवायला पायजे माणसाला." मी म्हणाले करते.

१४ जानेवारी, मंगळवार

केलं. कुलूप उघडायच्या आधी माणूस पानावर किती खाली होता ते अंतर टिपून ठेवायचं आणि पान परत आलं की तेवढंच खाली न्यायचं. माझ्या लॅपटॉपवर बनावट मजकूर घालून बघितलं, झकास चाललं. अब्बा म्हणाले, बनावट मजकुरावर काय कळतंय, खऱ्यावर बघ.

"मी कशी बघू? शपथ हाय."

"तू आपणहून उघडू नको. मी उघडतो. बरोबर जागी आलंय का तेवढं सांग."

त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. पान नवव्या पायरीऐवजी पार पुढे जाऊन थांबलं होतं.

"कोणत्या ओळीवर आलंय?"

"लवंगेच्या."

"सगळी वाच. मला चष्म्याशिवाय दिसंना."

मी वाचली, आकड्यासकट. लवंग किती आणि कधी टाकायची, दोन्ही. वाचून झाल्यावर जीभ चावली. अब्बा मात्र शांत. "चुकीच्या जागी आलंय, दुरुस्त कर," म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. बिचाऱ्यांना कळलंही नाही की त्यांच्या हातून काय झालं.

आकडा इथे लिहीत नाही. पाठ आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

गडबड कळली. मी अंतर मोजते ते पडद्यावरच्या ठिपक्यांत. अब्बांच्या मोबाईलवर अक्षर मोठं केलेलं आहे. अंतर मोठ्या अक्षरांत मोजलं जातं, पण पान परत येतं ते आधी लहान अक्षरांत, म्हणून तेवढ्याच ठिपक्यांवर पुढची भलतीच ओळ येते. आज अब्बांनी पुन्हा उघडून दाखवलं तर पान शहाजिऱ्यावर. मी मोठ्यानं वाचलं, त्यांना ऐकू कमी येतं असं ते म्हणाले म्हणून दोनदा. मग त्यांच्याकडून अक्षर चुकून आणखी मोठं झालं. पुन्हा उघडलं तर धण्यांवर.

शपथेचा मी नीट विचार केला आहे. मी कोणाला विचारलं नाही. मी उघडलं नाही. पान आपणहून माझ्यासमोर आलं. कुलूप बनवणाऱ्याला दार लागतं का ते ओढून बघावंच लागतं.

२१ जानेवारी, मंगळवार

आता खरं लिहिते. दुरुस्ती मला सापडली आहे, आजच दुपारी. पान नव्यानं उघडायचंच नाही. पासवर्ड तेवढा गुपचूप पाठवायचा, बरोबर असेल तर कुलपातला भाग तेवढा आणायचा आणि जागच्या जागी उलगडायचा. पान तसूभर हलत नाही. अर्ध्या तासाचं काम.

पण कुलपातल्या अकरा ओळींपैकी अजून आठ मिळायच्या आहेत.

अब्बांना सांगितलं, "जरा अवघड दिसतंय, आठवडा लागेल." मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "घाई करू नको. निवांत कर." इतका भोळा माणूस मी पाहिला नाही. मला त्यांची दया आली आणि माझी लाज वाटली, आणि तरी मी दुरुस्ती केली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

दालचिनी. खसखस. मिठाच्या ओळीचा माथा दिसला आणि अब्बांच्या मोबाईलची चार्जिंग संपली. मला तर बॅटरी निम्मी दिसली होती.

२६ जानेवारी, रविवार

वाईट झालं. आज लातूरला सादकडे मोठं लग्न होतं. तिथं माझंच पान, माझ्याच अर्धवट दुरुस्तीसकट.

सादनं फोनवर सगळं सांगितलं. वजन त्याला पाठ नाही, सगळी भिस्त पानावर. दोन्ही हात मसाल्यात म्हणून त्यानं पासवर्ड मांडवाच्या त्या टोकाला त्याचा मोबाईल घेऊन उभ्या असलेल्या मेव्हण्याला ओरडून सांगितला, तो अख्ख्या स्वयंपाकानं ऐकला. मेव्हण्यानं कुलूप उघडून मोबाईल सादसमोर आणून धरला. सादच्या मोबाईलवर अक्षर भलतंच मोठं, पान जाऊन थांबलं बाराव्या पायरीवर. पायरीचा आकडा पडद्याच्या वर लपलेला. साद समजला नववीच आहे. समोर दिसलं, चिंचेचा कोळ ओता. त्यानं ओतला. डाळ अजून निम्मीच शिजलेली होती, आणि आंबट पडल्यावर हरभऱ्याची डाळ शिजत नाही. सहाशे माणसं कडक डाळ चावत बसली.

नंतर बडी अम्मींचा फोन. "पंगतीत कुडुमकुडुम आवाज येऊन ऱ्हायला होता. मी पदर तोंडावर घेऊन बसले. तुझ्या पानानं घराण्याचं नाक कापलं, हुमा."

मंगळवारीच केली असती दुरुस्ती तर हे झालं नसतं. सादशी माझं जमत नाही, पण डेगेपाशी एकटं पडणं काय असतं ते मला माहीत आहे. माझ्या आठ ओळींपायी एक डेग गेली. रडले.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळीच दुरुस्ती करून टाकली. आता पासवर्ड टाकला की नववी पायरी होती तिथंच राहते आणि तिच्याखाली कुलपातला भाग उलगडतो. अक्षर लहान करा, मोठं करा, मोबाईल आडवा करा. सादला सांगून त्याच्याकडेही तपासलं. अब्बांकडून पासवर्डही बदलून घेतला.

अब्बांना दाखवलं. ते खुश व्हायला पाहिजे होते. म्हणाले, "झालं? आजच?" मग दहा वेळा उघडून बघितलं आणि म्हणाले, "माझ्याकडं अजून हलतंय." मी बघितलं तर पान जागच्या जागी. हलवत होते ते स्वतःच, अंगठ्यानं. अंगठा जाड, त्यांना कळत नाही. "बघ, आता जायफळावर आलं. वाच बरं." मी वाचलं. काय करणार, वडील आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अब्बांच्या अंगठ्यानं आठ दिवसांत जायपत्री, सुंठ, वेलदोडा आणि चिंच झाली. अकरा ओळींपैकी दहा मिळाल्या. मीठ राहिलं. मी तीनदा बोलत बोलत पान तिकडे न्यायचा प्रयत्न केला. एकदा त्यांना शिंक आली, एकदा नमाजाची वेळ झाली, एकदा मोबाईलच हातातून पडला.

शहेबाजचा फोन आला. रजा मिळत नाही म्हणाला. आवाजावरून तरी मागितलेली वाटत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस राहिले. बडी अम्मींनी कळवलंय की त्या कंदुरीला स्वतः येणार आणि सोबत टेम्पो आणणार. टेम्पो कशाला ते कोणी विचारलं नाही. आज मी चारही डेगा राखेनं घासल्या. कोणाच्याही घरी गेल्या तरी काळ्या जाऊ नयेत. घासता घासता सगळ्या ओळी मनात म्हणून पाहिल्या, पानाच्या क्रमानं नाही, डेगेच्या क्रमानं. कुठंच अडले नाही. आणि मग फार वाईट वाटलं. दहा ओळी पाठ असून माझ्या हाती उलथणंसुद्धा येणार नाही, मला पाणीच आणायला पाठवतील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. मुखेडहून परत येऊन

हात दुखतोय, तरी आजचं आजच लिहिते.

पहाटे निघालो. हणमंतरावांचं गाव मुखेडच्या अलीकडे, दर्गा शिवाराच्या कडेला. नातू बरा व्हावा म्हणून त्यांनी नवस केला होता, तो फेडायची ही कंदुरी. बकरी त्यांची, शिजवायचं आम्ही. गाडीतून उतरताना अब्बांनी डावा हात उपरण्यात बांधलेला. मनगट मुरगळलं म्हणाले. काल याच हातानं त्यांनी गॅसची टाकी उचलली होती.

"मी उलथणं मारू शकत न्हाई. तू मार. मी मोबाईलवर बघून सांगतो."

"बडी अम्मी?"

"त्या जेवायला येणार. आता कुठंय त्या?"

आठ पायऱ्या मला झोपेत येतात. नववी आली. अब्बांनी मोबाईल काढला, वर धरला, खाली धरला, दर्ग्याच्या ओट्यावर चढून बघितलं. रेंजच नाही. पान उघडेना.

"आता गं?" अब्बा म्हणाले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

खाली जाळ, डेगेत कांदा लालीवर आलेला, हणमंतरावांची माणसं भोवती. मला एकच सुचलं. मी अब्बांच्या हातातून मोबाईल घेतला आणि म्हणाले, "ह्यातच उतरवून ठेवलेलं हाय." तसलं काही नव्हतं. पडद्यावर नुसतं पांढरं पान गरगरत होतं. मी ते समोर धरलं, मधूनमधून अंगठ्यानं सरकवल्यासारखं केलं, आणि डोक्यातल्या डोक्यात वाचत मसाला टाकत गेले. अब्बा माझ्या खांद्यामागे उभे होते. पांढरा पडदा त्यांना दिसत असणार, पण चष्मा नव्हता, म्हणून वाचले मी.

डाळ दोन बोटांत चिरडून बघितली, लोण्यासारखी झाली, तेव्हाच चिंच ओतली. मीठ तेवढं अंदाजानं टाकलं.

दुपारी बडी अम्मी आल्या, साद टेम्पो घेऊन मागे. जळकोटकडून आले, तिकडे रस्ता उखडलेला, त्यामुळे आधीच तापलेल्या. पंगत बसली होती. हणमंतरावांच्या बायको साखराबाई वाढता वाढता म्हणाल्या, "ह्या पोरीनं केलंय बघा, बाई. आमच्या म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा घेतलंय." बडी अम्मींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी वाटी मागवली. आधी वास घेतला, मग बोट बुडवून चाखलं, मग डोळे मिटून बराच वेळ तोंड हलवत राहिल्या.

"वाजिद, तुझा हात?"

"मुरगळला," अब्बा म्हणाले. आता उपरणं उजव्या हाताला होतं. घाईत सुटलं असेल आणि चुकीच्या हाताला बांधलं असेल.

"हिला वजन तू सांगितलंस?"

अब्बांनी बांधलेला हातच डेगेवर ठेवला. "एक शब्द सांगितला असला तर ह्याच डेगेत मला शिजवा."

"हुमा, तू विचारलंस?"

"न्हाई. कोणालाच विचारलं न्हाई." हे अगदी खरं होतं.

बडी अम्मींनी पुन्हा चाखलं. आता दालचा नाही, मलाच चाखतात की काय असं वाटलं. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय. मूठभर. वाजिदनं सांगितलं असतं तर मीठ सोडलं नसतं. सगळ्यांत आधी मीठच सांगतात." मग सादकडे वळल्या. "ह्या पोरीनं जिभेनं काढलंय. दिलेलं वजन असतं तर मी काढून घेतलं असतं. जिभेनं काढलेलं काय काढून घेणार? टेम्पो रिकामा ने."

साद मला तर सुटल्यासारखा दिसला. टेम्पो वळवायच्या आधी ताटभर जेवला.

निघताना बडी अम्मींनी माझा हात धरून डेगेवर ठेवला आणि पुन्हा उचलला. "शपथ सुटली," म्हणाल्या. "आता नांदेड-लातूरकडं सोयरीक नको, पोरगा देगलुरातच बघू." हे त्या चेष्टेत म्हणाल्या की खरं, ते कळलं नाही. चारही डेगा आमच्याच गाडीतून परत आल्या. मी त्यांना टेकून बसले होते, कितीही आदळल्या तरी सरकले नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर ते जिभेचं टोचत राहिलं. नाव जिभेचं झालं आणि मी तर चोरी केली. बडी अम्मींना सांगायची हिंमत नाही. पण अब्बांना फसवून त्यांच्या भोळेपणावर डेगा मिळवल्या, हे घेऊन त्यांच्यासमोर कसं वावरायचं?

सकाळी ते अंगणात दुधी सोलत होते, दोन्ही हातांनी, मनगट बरं झालेलं. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पान चुकीच्या ओळीवर यायचं तेव्हा मी ओळी पाठ केल्या. दुरुस्ती सापडून सहा दिवस दाबून ठेवली, म्हणून सादची डेग गेली. काल मोबाईलवर काहीच नव्हतं. "मी चोरलं, अब्बा."

अब्बांनी दुधी पूर्ण सोलला. साल एका बाजूला केली.

"सादचं वाईट झालं," ते म्हणाले. "ते तुझ्याकडं अर्धं, माझ्याकडं अर्धं. मीही म्हणलो होतो निवांत कर." मग दुसरा दुधी घेतला. "बाकी चोरीचं म्हणशील तर, चोर येवढ्या मोठ्यानं वाचतो व्हय गं? ते पण दोन दोन बार?"

मी वर बघितलं. ते दुधीकडे बघत होते, पण मिशीत हसू मावत नव्हतं. मला हसू आलं, मग रडू आलं, मग इतका राग आला की मी त्यांच्या हातातला दुधी ओढून घेतला आणि स्वतःच कापायला लागले. आठ वर्षं पाणी आणायला पाठवलं या माणसानं मला. आणि मग महिनाभर समोर बसून ऐकलं.

दुधी कापून संपला. शपथ काल सुटली होती. मी सरळ विचारलं, "मीठ किती, अब्बा?"

त्यांनी सरळ सांगितलं.